रेकॉर्डवाले परकारभाई

आमच्या हॉस्पिटलचा रंग लाल झाल्याची बातमी मला परकारभाईंनी दिली, आणि ती फुटबॉलच्या भाषेत दिली. लॅबच्या दारात उभे राहून ते म्हणाले, "ताई, आपण उतरलो. खालच्या डिव्हिजनमध्ये."

रियाधमध्ये अल मलाझला आमचं खाजगी हॉस्पिटल होतं. मी लॅबमध्ये होते, रक्तपेढीच्या टेबलावर. त्या वर्षी सगळीकडे एकच शब्द चालू होता, निताकात. कंपनीत सौदी माणसं किती, यावर सरकार तिला रंग देत असे. हिरवा रंग म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे सावध, आणि लाल म्हणजे परदेशी माणसांचे इकामे, राहण्याचे परवाने, नव्याने होणार नाहीत. इकामा संपला की नोकरी, घर, मुलांची शाळा, सगळंच संपलं. त्या सकाळी कँटीनमध्ये चहा घेताना प्रत्येकजण खिशातलं कार्ड काढून तारीख बघत होता. मीही बघितली.

परकारभाईंनी कार्ड काढलं नाही. त्यांची तारीख त्यांना पाठ होती. त्यांना सगळ्यांच्याच तारखा पाठ होत्या.

हसन परकार दाभोळच्या खाडीकाठचे. आधी मक्केला एका हॉटेलात रिसेप्शनवर होते, मग आमच्याकडे रेकॉर्ड विभागात आले, ते एकोणीस वर्षं तिथेच. ठेंगणा बांधा, कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं उन्हाळ्यातही लावलेली. कुणी काही विचारलं, की उत्तर ठाऊक असलं तरी म्हणायचे, "थांबा, आधी नोंद बघूया." 'साधारण' या शब्दावर त्यांचा राग होता. "साधारण पाच मिनिटांत येते" असं मी म्हटलं, तर घड्याळाकडे बघून विचारायचे, "साधारण म्हणजे चार का सात?"

तळघरात हजारो फायली होत्या. कॉम्प्युटर आला तो नंतर, आणि जुनं काहीच त्यात भरलं गेलं नव्हतं. पण वरून चिठ्ठी गेली की दोन-तीन मिनिटांत फाईल येई. डॉक्टर बदलले, नर्स बदलल्या, इमारत बदलली, परकारभाई तेच राहिले.

आणि दुपारच्या सुट्टीत, डबा खाऊन, हात धुऊन, कोरडे पुसून, ते दुसरंच रेकॉर्ड उघडत. स्पेनच्या फुटबॉल लीगचं.

लांब, जाड, कापडी पुठ्ठ्याच्या वह्या. लीग सुरू झाली तेव्हाच्या दहा संघांपासून चालू मोसमापर्यंत प्रत्येक मोसमाचा तक्ता, कोण पहिलं, कोण शेवटचं, कोण उतरलं, कोण चढलं. जिंकल्याचे दोन गुण मिळायचे तो काळ निळ्या शाईत, तीन मिळायला लागले तो काळ काळ्या शाईत. मध्येच तीन पानं कोरी होती. मी पहिल्यांदा वही चाळली तेव्हा म्हटलं, ही राहिली वाटतं.

"राहिली नाय ताई, ठेवली. तीन मोसम तिथे यादवी होती. खेळ झालाच नाय. झाला नाय हीपण नोंद असते."

मी विचारलं, तुम्ही स्वतः कधी खेळलात? म्हणाले, "गावात एकदा गोलकीपर होतो. बॉल खाडीत गेला, खेळ खलास."

हे वेड मक्केत लागलं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात एक मोरोक्कन आचारी होता, तेतुआन गावचा. त्याने एकदा छातीवर हात मारून सांगितलं, की आमच्या गावचा संघ स्पेनच्या वरच्या लीगमध्ये खेळलाय. परकारभाई हसले. आफ्रिकेतला संघ स्पेनमध्ये कसा खेळेल? आचारी दोन दिवस बोलला नाही. परकारभाईंनी मग कुठून कुठून जुनी वार्षिकं मिळवली, स्पेनहून यात्रेला आलेल्या एका पाहुण्याकडून पानं वाचून घेतली, आणि निघालं ते खरंच. तेतुआनवर तेव्हा स्पेनचा अंमल होता. एकच मोसम तो संघ वर खेळला, तळाला राहिला, उतरला, आणि पुन्हा कधी वर आला नाही.

"मी त्याची माफी मागितली," परकारभाई सांगत. "पण एक गोष्ट डोक्यात राहिली. शेवटचा आला, परत कधी दिसला नाय, तरी त्याचं नाव कुणी पुसलं नाय. तक्त्यात आहे म्हणजे आहे."

त्यांचा आवडता संघ कुठला, हे कुणालाही कळलं नाही. वॉर्डबॉय माद्रिद आणि बार्सिलोना यांवरून भांडत, निवाड्याला त्यांच्याकडे येत. ते फक्त आकडे सांगत. एका जुन्या सामन्यातला गोल कुणी केला याबद्दल दोन वार्षिकांत दोन नावं होती. त्यांनी दोन्ही लिहून पुढे प्रश्नचिन्ह केलं होतं. मी म्हटलं, एक निवडा की, कोण बघतंय? तर असे बघायला लागले, जसं काही मी रक्ताच्या पिशवीवर भलताच गट लिहायला सांगितलं होतं.

अशा माणसाला त्या वर्षी हुकूम आला, की तीन महिन्यांत आपली जागा एका सौदी बाईला शिकवून द्या.

तिचं नाव नूरा. तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन सहा वर्षं घरी बसलेली. तिच्यासारख्या काहीजणी आल्या की हॉस्पिटल लालमधून निघणार होतं. आमच्या मुदीरने, म्हणजे प्रशासकाने, परकारभाईंना शब्द दिला होता, की काम नीट सोपवलंत तर मालकाच्या भावाचा बुरैदाला दवाखाना आहे, तो हिरवा आहे, तिकडे तुमचा कफील, म्हणजे इकाम्यावरचा मालक, बदलून देऊ. परकारभाईंचा मुलगा रेहान तेव्हा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. बुरैदाची ती दोन-तीन वर्षं त्यांना हवीच होती.

पण शब्दच तो. त्या दिवसांत असे शब्द रोज दिले जात होते आणि रोज कुणीतरी कायमच्या परतीची एक्झिट घेऊन जात होतं. कँटीनमध्ये सगळे त्यांना एकच सांगत: सगळं शिकवू नका. काहीतरी हातात ठेवा. गरज असेपर्यंतच तुम्हाला ठेवतील. आणि हे मला लिहायलाच हवं, की मीही तेच म्हणाले होते. "परकारभाई, घाई कशाला? आधी बुरैदाचा कागद हातात येऊ दे."

ते डबा धुवायला उठून गेले होते.

नूरा सकाळी आठला यायची, वही उघडून बसायची, विचारायची. परकारभाई उत्तरं देत, पण जेवढं विचारलं तेवढीच. शब्द मोजून. तिला ते मॅडम म्हणत आणि ती त्यांना अबू रेहान, रेहानचे वडील. एक दिवस मी रिपोर्ट घेऊन खाली गेले तर दुपारची सुट्टी होती आणि ती त्यांच्या स्पेनच्या वहीत डोकं घालून उभी होती. परकारभाई अवघडून बाजूला.

"बारा-एक," ती बोट ठेवून म्हणाली. "बिल्बाओने बार्सिलोनाला बारा-एक हरवलं होतं. माझा भाऊ म्हणतो मी बनवून सांगते."

परकारभाईंचा चेहरा उजळला. "तुम्हाला माहितेय?"

"भावांबरोबर टीव्हीवर बघत वाढले. स्टेडियम आतून पाहिलेलं नाही. बायकांना जाऊ देत नाहीत. पण बिल्बाओ माझा संघ."

"का?"

"फक्त आपल्या भागातली माणसं खेळवतात. बाहेरचा एक नाही. आणि तरी आजवर कधी खाली उतरले नाहीत. माद्रिदचे पांढरे, बार्सिलोना आणि ते. तिघंच."

ती जे बोलली ते फुटबॉलचं होतं आणि फुटबॉलचं नव्हतंही. परकारभाईंनी वही बंद केली.

"मॅडम, बिल्बाओला हे जमलं कारण ते लहानपणापासून आपल्या पोरांना शिकवतात. एका हुकमाने तीन महिन्यांत संघ बदलत नाहीत."

नूराने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "मग शिकवा ना मला, अबू रेहान. रोज आठला येऊन बसते. तुम्ही शिकवत नाही, फक्त उत्तरं देता."

परकारभाईंनी वही खणात ठेवली आणि किल्ली फिरवली.

त्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी तिला एक रजिस्टर दिलं. कुठल्या रॅकवर काय, कुठल्या वर्षाच्या फायली कुठे, सगळं सुवाच्य अरबी आकड्यांत. नूराने ते छातीशी धरून वर येऊन आम्हाला दाखवलं. मुदीर खूश झाला. मलाही वाटलं, चला, सुटलं.

मग तो बुधवार आला.

परकारभाई इकाम्याच्या कामासाठी जवाझातला, पासपोर्ट ऑफिसला गेले होते. दुपारी एकच्या सुमाराला प्रसूतीच्या वॉर्डातून फोन आला. सलमा नावाची बाई, दुसरं बाळंतपण, मुलगी झाली, पण रक्त थांबत नाही. चार पिशव्या हव्यात. मी नमुना घेतला, गट जुळवला, चाचणी लावली. सगळं स्वच्छ. पिशव्या द्यायला निघाले तर दारात तिचा नवरा. शरीफ, हैदराबादचा, एसी दुरुस्तीची कामं करणारा. हातातली पिशवी बघून त्याने वाट अडवली.

"मॅडम, एक मिनिट. पिछली बार यहीं खून चढ़ाया था. आठ दिन बाद ये पूरी पीली पड़ गई थी. डॉक्टर ने कार्ड दिया था, खून चढ़ाने से पहले दिखाना बोले थे. कार्ड गुम हो गया."

मी पिशव्या परत टेबलावर ठेवल्या. काही अँटिबॉडी अशा असतात, की काही वर्षांनी रक्तातून दिसेनाशा होतात. चाचणीत सापडत नाहीत. पण चुकीचं रक्त गेलं की उसळून उठतात आणि चढवलेलं रक्त शरीरातच फोडतात. त्यांचा माग फक्त जुन्या कागदात असतो. मी मध्यवर्ती रक्तपेढीला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "कोणती अँटिबॉडी? नाव सांगा, तसं रक्त काढून देतो. नावाशिवाय काय शोधू?"

मागचं बाळंतपण सात वर्षांपूर्वीचं, जुन्या इमारतीतलं. मी धावत तळघरात गेले. नूराने रजिस्टर उघडलं. सलमाच्या नावाने फाईल नाही. शरीफच्या नावाने नाही. तिने रॅक रिकामं करायला सुरुवात केली. मी परकारभाईंना फोन लावत राहिले. बंद. जवाझातच्या आत फोन बंद ठेवावा लागे.

वरून डॉक्टर सामियाचा फोन. इजिप्शियन बाई, कधी आवाज न चढवणारी. "मी सलाईनवर किती वेळ धरू? ऑपरेशनला घेतेय. तुझ्या कागदासाठी पंधरा मिनिटं. मग आहे ते रक्त चढवणार. पिवळी पडली तर नंतर बघू, मेली तर काय बघू?"

नूराचे हात धुळीने काळे झाले होते. ती पुटपुटत नावं वाचत होती, फाईल टाकत होती, पुढची घेत होती. भिंतीवरचं घड्याळ मला ऐकू येत होतं. पंधरातली दहा मिनिटं गेली.

माझा फोन वाजला. परकारभाई.

"ताई, अकरा मिस कॉल? काय झालं?"

मी सांगितलं. फोन स्पीकरवर होता. या वेळी ते 'नोंद बघूया' म्हणाले नाहीत, आणि त्यावरूनच मला काहीतरी कळलं.

"शरीफला विचारा, तेव्हाचा कफील कोण."

शरीफ माझ्यामागून खाली आला होता, दारातच उभा होता. त्याने एका वर्कशॉपवाल्याचं नाव सांगितलं.

"तळघरात पंपाच्या खोलीलगत एक रॅक आहे. खालून दुसरा कप्पा. त्या दोन वर्षांच्या फायली पेशंटच्या नावाने नाय, कफीलच्या नावाने लावल्यात."

नूरा पळाली. तीन मिनिटांत फाईल घेऊन आली. आत पिवळं पडलेलं रक्तपेढीचं पान, त्यावर अँटिबॉडीचं नाव, खाली लाल शाईत ताकीद. मी ते नाव मध्यवर्ती रक्तपेढीला फोनवर ओरडूनच सांगितलं. रक्त आलं, चढलं. सलमा वाचली. पण तोवर डॉक्टर सामियाला गर्भाशय काढावं लागलं होतं.

साडेतीनला परकारभाई आले. नूरा टेबलाशी बसली होती. ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. त्यात पंपाच्या खोलीलगतचं रॅक नव्हतंच.

त्यांनी ते हळूच मिटलं. मग माझ्याकडे वळले. "ताई, उशिरामुळे झालं का?"

"सांगता येत नाही."

"येत नाय, का सांगत नाय?"

"खरंच येत नाही, परकारभाई. रक्त आधी मिळालं असतं तरी कदाचित काढावं लागलं असतं. कदाचित नसतं."

"म्हणजे दोन्ही लिहायला पायजेत," ते हळूच म्हणाले.

माझ्या मनात त्या वेळी माझंच वाक्य घुमत होतं. घाई कशाला. मी ते बोलून दाखवलं नाही. आजवर दाखवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुदीरकडे एक कागद घेऊन गेले. इंग्रजीत, चार ओळींचा. मी सोपवलेल्या यादीत एक रॅक जाणूनबुजून वगळलं होतं, त्यामुळे काल फाईल मिळायला उशीर झाला, नूरा मॅडमची यात चूक नाही. मुदीरने कागद वाचला आणि परत त्यांच्या हातात दिला. हे सगळं मला त्यांनीच नंतर सांगितलं.

"कुणी विचारलं का तुला?"

"नाही."

"मग? बाई जिवंत आहे. नवऱ्याची तक्रार नाही. हा कागद फाईलला लागला तर चौकशी येईल, हॉस्पिटलवर येईल. घेऊन जा. रविवारी बुरैदाच्या कागदावर सही करतो."

परकारभाई कागद हातात धरून बाहेर आले, ते पाण्याच्या कूलरपाशी उभे राहिले. मी तिथून जात होते. त्यांनी ग्लास भरला, प्यायले नाहीत.

"ताई, रेहानची अजून अडीच वर्षं आहेत," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो."

त्यांनी ग्लास तसाच ठेवला, परत आत गेले आणि कागद आवक-जावकच्या कारकुनाकडे दिला, शिक्का मारून घेतला. शिक्का बसल्यावर तो मुदीरलाही काढता येणार नव्हता.

तिथून ते वॉर्डात गेले. शरीफ दाराबाहेर बाकावर होता. परकारभाई त्याच्यापुढे उभे राहून हिंदीत सगळं बोलले. मी वॉर्डातून नमुने घेऊन निघाले होते, थबकले. मला वाटलं हा आता त्यांची कॉलर धरणार. शरीफ बाकावरून उठला. मग इतकंच म्हणाला, "अंदर जाके मेरी बीवी को मत बताना. अभी नहीं."

बुरैदा रद्द झालं. चौकशीचं पत्र आलं, त्यात त्यांच्यावर ताशेरे ओढले होते, आणि महिन्याच्या शेवटी फायनल एक्झिट लागली. उरले तीन आठवडे.

त्या तीन आठवड्यांत मात्र मी खरं शिकवणं पाहिलं. नूरा त्यांच्याशी कामाशिवाय एक शब्द बोलत नव्हती, आणि त्यांनीही माफी मागून तिला अवघडवलं नाही. एकेका रॅकपाशी जाऊन ते सांगत, ही फाईल इथे का आहे, कुणी ठेवली, कुठल्या वर्षी छत गळलं म्हणून काय कुठे हललं. ती उलटून विचारी. दोन ठिकाणी तिने त्यांचीच चूक काढली. परकारभाईंनी दोन्ही वेळा थांबून बघितलं, मान हलवली आणि सगळ्या नोंदी दुरुस्त केल्या. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी खाली गेले तर दोघं स्पेनच्या वहीवर वाकून भांडत होते. बिल्बाओच्या कुठल्याशा मोसमातल्या एका गुणावरून. मी परत वर आले, मुद्दाम पावलं न वाजवता.

सामान तीस किलोच नेता येत होतं. घरच्यांनी दोन ब्लँकेटं मागितली होती, ती त्यांनी इथेच कुणालातरी दिली आणि वह्या भरल्या. "बायको बोलेल," म्हणाले, "पण ऐकून घेईन."

जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी रेकॉर्डच्या खिडकीपुढून जात होते. बाहेरच्या रांगेत परकारभाई उभे होते, हातात टोकन. त्यांची स्वतःची फाईल त्यांना हवी होती. इथेच त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, गावच्या डॉक्टरला दाखवायला कागद पाहिजे होते. सिक्युरिटीवाला म्हणाला, "भाईजान, अंदर जाइए ना." ते हसून रांगेतच थांबले.

त्यांचा नंबर आला. खिडकीपलीकडून नूराने इतरांना विचारायची तसंच विचारलं, "इकामा?"

"जमा झाला. पासपोर्ट आहे."

तिने पासपोर्ट बघितला, फॉर्म पुढे केला, त्यांनी तो भरला. तारीख, सही, कारण. ती उठून आतल्या रॅककडे गेली. डावीकडच्या ओळीत शिरली.

परकारभाईंचा हात वर उठला, काचेकडे गेला, त्यांच्या काळात त्या फायली जिथे असत त्या उजवीकडे बोट दाखवायला. तिथेच थांबला. त्यांनी तो हळूहळू खाली घेतला आणि खिशात घातला, आणि आत न बघता, रांगेतल्या इतर माणसांसारखे, ते भिंतीकडे बघत उभे राहिले.